व्हय म्हटल्याशिवाय एंटर नाही

डिचोलीच्या खाणीच्या ऑफिसात आमची जी खोली होती तिला जनेल, म्हणजे खिडकी, नव्हते. बाहेर मे महिन्यातली लाल धूळ आणि घाम, आत बाराही महिने एसीची थंडी. दत्ताराम आत येताना माकडटोपी घालायचा. बाहेरचे लोक त्याला हसायचे. मी हसत नसे, कारण माझ्या अंगात बायकोने विणलेला स्वेटर असायचा, आणि गोव्यात स्वेटर घालून फिरणाऱ्याने दुसऱ्याला हसू नये.

नोकरीची शेवटची बरीच वर्षे मी त्या खोलीत काढली. आता पेडण्याला घरी असतो. चार काजूची झाडे आहेत, ती बघतो. मोपाच्या विमानतळावरची विमाने डोक्यावरून जातात, ती मोजत नाही. सगळे ठीक आहे. पण दुपारी जेवून आडवा झालो की कान ती खोली शोधतात. तिथे यंत्रांच्या पंख्यांचा घूं असा आवाज असायचा. चालू असताना तो ऐकू येत नाही. बंद झाल्यावर ऐकू येऊ लागतो, तो मला अजून येतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी विचारायला नको. खाणीवर मी वायरमन होतो, क्रशरच्या मोटरांना केबल ओढायचो. दत्ताराम सिंधुदुर्गातला, दोडामार्गाच्या पलीकडचा, टिपर चालवायचा. त्याची कंबर गेली तेव्हा त्याला कॉम्प्युटरच्या खोलीचे दार सांभाळायला बसवले, आणि मला आतल्या वायरी बघायला. आम्हा दोघांना मिळून जी काही इंग्रजी अक्षरे येत होती ती गाड्यांच्या नंबरप्लेटवरून आलेली.

आता कामाचे सांगतो. लोकांना वाटते कॉम्प्युटर म्हणजे सगळे त्याच्या पोटातच असते. मोठ्या ऑफिसात तसे नसते. विचार करणारे यंत्र वेगळे, त्याला सर्व्हर म्हणतात. साठवणारे वेगळे, त्याला स्टोरेज म्हणतात, आम्ही पेटी म्हणायचो. खाणीचे नकाशे, वजनकाट्यावरची प्रत्येक खेप, नदीवरच्या कुठल्या बार्जमध्ये किती माल चढला, सगळे पेटीत. सर्व्हर आणि पेटी यांच्यामध्ये काचेची तार असते, केसाएवढी, तिच्यातून उजेड जातो. ती एक तार तुटली तर पेटी जागेवर, आतला माल जागेवर, सर्व्हरही जागेवर. फक्त जायला वाट नाही.

म्हणून दोन वाटा ठेवायच्या. मी पेडण्याचा माणूस, मला हे कोणी शिकवायला नको होते. पेडण्याहून डिचोलीला यायचे तर एक वाट कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशावरून, दुसरी इब्रामपूर करून दोडामार्गावरून. पुलावर ट्रक आडवा झाला तर दुसरीने या. आमच्या खोलीतही तारा जिथून फुटायच्या तिथे दोन डबे होते, त्यांना स्विच म्हणतात. एकावर मी चिकटपट्टी लावून लिहिले, म्हापसा. दुसऱ्याला फोंडा लिहिणार होतो.

"फोंडा खंय वाटेर लागता रे तुका?" दत्ताराम म्हणाला. "दोडामार्ग लिही."

"तुझा गाव म्हणून?"

"माजो गाव म्हणान न्हय. वाट आसा म्हणान."

मी दोडामार्ग लिहिले. त्या दिवसापासून तो त्या डब्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसायचा. म्हापशावरची मी पुसायचो.

वायर लावली की काम झाले असे नाही. सर्व्हरला सांगावे लागते. तेही चित्रावर बोट ठेवून नाही, काळ्या पडद्यावर एकेक ओळ लिहून. आधी स्विचला सांगायचे की सर्व्हरच्या या कार्डाला, म्हणजे त्याची तार जिथे खोचतात तिला, त्या पेटीच्या अमुक दाराशी बोलू दे. मग सर्व्हरला सांगायचे, परत एकदा सगळीकडे बघून घे, नवीन काही दिसते का. तो बघतो, आणि दोन वाटांनी एकच पेटी दिसल्यावर त्याला वाटते पेट्या दोन आहेत. दत्ताराम म्हणायचा, फेणी जास्त झाल्यासारखा दिसता ह्यो. मग मल्टिपाथ नावाची गोष्ट त्याला समजावते की बाबा, पेटी एकच, वाटा दोन. ती कमांड मारली की पेटीचे नाव येते आणि खाली प्रत्येक वाटेची एक ओळ. दोन ओळी दिसल्या की आम्ही माकडटोपी काढून चहाला जायचो.

हे आम्हाला शिकवले वास्कोच्या हेड ऑफिसातल्या मॅडमनी. मूळच्या फोंड्याच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, डोके असे की मी तसे दुसरे पाहिले नाही. दर वेळी वास्कोहून डिचोलीला येणे त्यांना परवडत नव्हते, म्हणून त्या फोनवरून सांगायच्या आणि आम्ही टाइप करायचे असे ठरले. पहिल्या दिवशी काही केल्या कमांड चालेना. मॅडम तिकडून विचारतात, काय लिहिलेत ते वाचा. मी वाचतो, सगळे बरोबर. पण कीबोर्डवर अक्षरे मोठी छापलेली, म्हणून मी मोठ्या अक्षरांचे बटण दाबून ठेवले होते. कॉम्प्युटरला मोठे आणि छोटे अक्षर वेगळे. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भिकाजी, चूक तुमची नाही, कीबोर्डची आहे. पण एक नियम करू. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर बघून हो म्हणायचे. हो आल्याशिवाय एंटर मारायचे नाही."

एंटर मारले की परत घेता येत नाही, ही त्या कामातली एकच भीती. चुकीच्या पेटीचे नाव गेले तर चालू काम बंद पडते.

तर वाचायचे मी आणि हो म्हणायचे दत्तारामने. पण आमच्या बाजूला नुसते हो कोण म्हणतो? आमच्याकडे पेडण्यात काय आणि सिंधुदुर्गात काय, कुठलेही काम काढायचे तर आधी देवासमोर गाऱ्हाणे घालतात. एक मानकरी मोठ्याने देवाला सांगतो, आज अमके काम काढले आहे, सांभाळून घे, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे म्हणतात, व्हय म्हाराजा. पहिल्या वेळी दत्तारामच्या तोंडून तेच आले. मी वाचले, "मल्टिपाथ, जागा, आडवी रेघ, एल, एल." तो म्हणाला, "व्हय म्हाराजा." फोनवर मॅडमनी ते ऐकले. मग म्हणाल्या, "हेच ठेवा."

खोलीत नवीन आलेल्याला ते नाटक वाटायचे. एकदा हिशेबाचा एक बाबू दारात उभा राहून खो खो हसला. तोच बाबू शनिवारी बांगडे घेऊन यायचा आणि संध्याकाळपर्यंत खोलीत ठेवू द्या म्हणायचा, थंडी फुकट आहे म्हणून. दत्ताराम त्याला म्हणायचा, "बाबा, हंय माशे ठेवलंस तर मॅडमीक फोनातसून वास येतलो." बाबूला ते खरे वाटायचे.

दत्तारामची सवय अशी की तो पटकन व्हय द्यायचा नाही. मी ओळ वाचून बोट एंटरवर ठेवलेले, आणि हा पडद्यावर बघून झाल्यावर, मॅडमचे शब्द मनात धरून, डोळे मिटून बसलेला.

"दत्तू, बोल."

"परत वाच."

"दोनदा वाचली."

"तिसऱ्यान वाच. माका आयकाक इला नाय."

"कान आहेत की काजूची बोंडे?"

"मेल्या, देवळात सगळे व्हय म्हणतत तेवा कोण आयकता? हंय आयकूक व्हया. व्हय म्हणूचा म्हणान व्हय म्हणूचा नाय."

मला राग यायचा. माझा स्वभाव तापट, आणि चहा थंड होत असायचा. पण वाचायचो. बहुतेक वेळा ओळ बरोबरच असायची आणि तो सावकाश, एखाद्याला जमीन देतो तसा, म्हणायचा, "व्हय म्हाराजा." कधी मात्र म्हणायचा नाही, आणि मी बघतो तर दाराच्या नंबरातले एक अक्षर इकडचे तिकडे. मी खोडून परत लिहायचो.

एकदा भिंतीला भोक पाडायला आलेल्या माणसाने ड्रिल थेट आमच्या तारेत घातले. म्हापशाची वाट गेली. बाहेर काट्यावर ट्रक उभे, बाबू बसून वजने लिहून घेताहेत, आणि कोणाला पत्ता नाही. सगळे दोडामार्गावरून चालले होते. दत्ताराम दिवसभर असा वावरत होता की जणू तोच सगळा माल डोक्यावरून वाहतोय. संध्याकाळी मॅनेजर साहेब दारात आले आणि म्हणाले, "आज काही विशेष?" दत्ताराम म्हणाला, "नाय साहेब." साहेब गेले. आमच्या धंद्याचे हे असे. नीट केले तर कोणाला काही कळत नाही. मला त्याचा अभिमान होता आणि थोडे वाईटही वाटायचे. आता अभिमान तेवढा राहिला आहे.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक गेले, माणसे गेली, बाबू मडगावच्या बाजूला कुठे लागला. आम्हाला ठेवले, कारण पेटी चालू ठेवायची होती. पुढे एकदा दत्ताराम घरी गेला तो परत आला नाही. सकाळी दात घासताना पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

मी भेटायला जायचो. दोडामार्गाच्या पुढे बस सोडली की थोडे चालायचे. तो ओट्यावर बाजेवर, उशीला टेकून. माझ्याकडे बघायचा. मी बोलायचो, तो "व्ह" असे काहीतरी म्हणायचा. पाहुणे येत, त्याच्या समोर त्याच्याबद्दल बोलत, जसे तो तिथे नाहीच. किती दिवस काढील, अंथरूण कोण बघणार, असले. शेवंती वहिनी, त्याची बायको, मला आत बोलावून हळू आवाजात म्हणाली, "भावजी, तुमी येतात ता बरा वाटता. पण त्येंका कायएक समाजणा नाय. डॉक्टरान इचारल्यान, तुमी बाई काय पुरुष, तरी व्ह म्हटल्यानी. टीव्हीयेकय व्ह म्हणतत."

"तुम्ही त्याला विचारता का काही?"

"काय इचारू? आदी इचारी. आता एकटीच बोलतंय आनी एकटीच जबाब देतंय."

मला ते पटले नाही. का पटले नाही ते सांगता आले नाही. ज्या माणसाने मला तीन तीन वेळा ओळ वाचायला लावली तो टीव्हीला व्हय म्हणेल हे माझ्या मनात बसेना. पण सिद्ध कसे करायचे? माझ्या बायकोला मी हट्टी वाटलो. ती म्हणाली, डॉक्टरापेक्षा तुम्हाला जास्त कळते का. मी म्हटले, डॉक्टर त्याच्याबरोबर खोलीत बसला नाही.

शेवटचे काम आले. कंपनीने ठरवले, डिचोलीची खोली बंद करायची. एक नवी पेटी येणार, जुन्या पेटीतले सगळे तिच्यात उतरवायचे, मग ती गाडीत घालून वास्कोला न्यायची. उतरवायला वेळ लागतो आणि मध्ये वाट तुटली तर सगळे पहिल्यापासून. म्हणून नव्या पेटीलाही दोन वाटा हव्या. पेटी आली, मी तारा लावल्या. दुपारची वेळ होती. मॅडमनी ओळी मोबाइलवर पाठवल्या आणि फोन केला.

"भिकाजी, आता तुम्ही एकटेच. तुम्ही वाचा, मी इथून हो म्हणते."

"मॅडम, तुमच्या हो वर माझा पूर्ण विश्वास आहे. पण दत्ताराम आहे अजून."

मॅडमना सगळे माहीत होते. त्या म्हणाल्या, "लावा त्यांना फोन. मी नंतर बोलते." आणि फोन ठेवला.

मी वहिनीला फोन लावला. म्हटले, फोन दत्ताच्या कानाला लावा आणि मोठ्याने ऐकू येईल असा करा. तिला वाटले मी काही वाईट बातमी देणार. मी म्हटले, नाही, काम आहे त्याच्याकडे. तिकडून थोडा वेळ कावळा तेवढा ऐकू येत होता.

मी कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून बसलो. पाठीमागे घूं चालू. मी सुरुवात केली.

"हे देवा म्हाराजा, आज नवी पेटी आणली आहे, तिला दोन वाटांनी सांभाळून घे."

"व्ह," तिकडून आले.

"पहिली वाट. सर्व्हराचे पहिले कार्ड, म्हापशावरून, पेटीचे पहिले दार. मारू?"

"व्ह."

मी एंटर मारले. ओळ गेली.

वहिनी मागून म्हणाली, "बघलात? सगळ्याक व्ह."

तेव्हा माझ्या डोक्यात आले. हो कशालाही म्हणता येते. त्याचे हो घेऊन मला काहीच कळणार नव्हते. मी पडद्यावर दुसरी ओळ लिहिली, बरोबर, मॅडमनी पाठवली होती तशी, दोडामार्गाची. दोनदा तपासली. बोट एंटरपासून लांब ठेवले. आणि फोनवर दुसरेच वाचले.

"दुसरी वाट. सर्व्हराचे दुसरे कार्ड, म्हापशावरून, पेटीचे दुसरे दार. मारू?"

हे ज्याला कळत नाही त्याला यात काही खटकणार नाही. कार्ड दुसरे, दार दुसरे, पडद्यावर दोन ओळीही दिसतील. पण दोन्ही तारा एकाच डब्यातून. पूल बंद झाला की दोन्ही बंद. मग ती दुसरी वाट कसली?

तिकडून काही आले नाही.

पंख्यांचा आवाज मला इतका मोठा कधी वाटला नव्हता. तो झोपला असेल, असे वाटले. फोन कट झाला असेल. मी परत वाचले, तसेच. म्हापशावरून.

काही नाही.

"दत्तू, मी मारतो हां," मी म्हटले. "म्हापशावरून मारतो."

तेव्हा तिकडून आवाज आला, तो व्ह नव्हता. घशातून काहीतरी खरवडून काढल्यासारखा. आणि वहिनीचा, "अहो, अहो, काय झाला? फोन कित्या ओढतात?" भांडे पडल्याचा आवाज. "भावजी, ह्ये डाव्या हातान फोन धरतत, सोडणत नाय. तोंड लाल झाला. तुमी काय बोल्लात त्येंका?"

वहिनीला काय सांगणार होतो? की तुमचा नवरा माझ्यावर रागावला आहे आणि तो बरोबर आहे, असे?

"दत्तू," मी म्हटले, "ऐक. दुसरी वाट. सर्व्हराचे दुसरे कार्ड, दोडामार्गावरून, पेटीचे दुसरे दार. मारू?"

त्याने लगेच दिले नाही. अंगातला राग तसाच ठेवून, त्याच्या सवयीने, सावकाश ऐकून घेतले. मग आले.

"व्ह... म्हा..."

पुढचे आले नाही. तेवढे मला पुरले. मी एंटर मारले, मग मल्टिपाथची ओळ लिहिली. दोन वाटा, दोन ओळी. मी त्याला वाचून दाखवल्या. मग वहिनीला सांगितले काय झाले ते. तिला स्विच कळला नाही, पण चुकीचे वाचले तर त्याने व्हय दिले नाही, हे कळले. नंतर नवऱ्याला म्हणाली, ते मी फोनवरून ऐकले, "म्हणजे काल पावणे बोलले ता सगळा आयकलात तुमी?"

तिकडून आले, "व्ह."

मॅडमना फोन करून काम झाले म्हटले. त्यांनी विचारले, दत्तारामनी होकार दिला? मी म्हटले, एकदा दिला नाही, मग दिला. त्यांना एवढ्यावर कळले. त्यांनी नाक पुसल्यासारखा आवाज आला. सर्दी असेल, वास्कोलाही एसी असतो.

त्यानंतर मी गेलो की वहिनी त्याला विचारताना दिसायची. भाजी काय करू, पांघरूण घालू काय, अमक्याला घरात घेऊ काय. विचारायची आणि थांबायची. कधी व्ह यायचे. कधी यायचे नाही, तेव्हा ती परत विचारायची, वेगळे करून. पाहुणे ओट्यावर बसले की जपून बोलू लागले. एक दोघांनी येणे बंद केले. मला वाटते, दत्तारामला ते आवडले असावे.

खोली रिकामी झाली त्या दिवशी पंखे बंद झाले. डबे भंगारात गेले. जाण्याआधी मी दोन्ही चिकटपट्ट्या नखाने काढून घेतल्या. म्हापसा माझ्याकडे राहिला. दोडामार्ग नेऊन दत्तारामच्या बाजेच्या लाकडाला चिकटवला. मागच्या चतुर्थीच्या आधी तो गेला. पट्टी अजून आहे, वहिनी पुसताना तेवढी जागा सोडून पुसते.

आता मला नोकरी नाही आणि कमांड विचारणारे कोणी नाही. पण गावच्या देवळात गाऱ्हाणे असते तेव्हा मी जातो. मानकरी मोठ्याने सांगतो, माणसे जमलेली असतात, आणि वाक्य पुरे व्हायच्या आतच सगळे एका दमात म्हणून मोकळे होतात, व्हय म्हाराजा. माझे त्यांच्याबरोबर येत नाही. मी वाक्य पुरे होऊ देतो. मग बाजूला कोणी डोळे मिटून बसले आहे आणि अजून बोलले नाही, असे धरून थोडा थांबतो. सगळे गप्प झाल्यावर माझे एकट्याचे येते.

मानकऱ्याने परवा गाऱ्हाण्याआधी मला बाहेर गाठले. "भिकाजी, तुका आयकाक येना जाल्यार फुडें बस."

मी म्हटले, मला ऐकू येते. आणि मागेच बसलो.